बाकावरचा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो मी कधी खेळलेलो नाही, आणि वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत पाहिलाही नव्हता. हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे मध्येच काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी ते सांगतो.

२०१८ च्या जानेवारीत मी मुलाकडे गेलो होतो. फिलाडेल्फिया शहराच्या कडेनं डेलावेअर नदी वाहते. ती ओलांडली की न्यू जर्सी राज्य लागतं. तिथल्या एका लहान गावात तो राहायचा. काम संगणकाचं. विमानतळावरून घरी जाताना गाडीतच म्हणाला, "अब्बा, तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी सध्या बेंचवर आहे."

बेंच म्हणजे बाक. ज्यांची मुलं संगणकाच्या धंद्यात आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. कंपनीच्या यादीत नाव असतं, पण एक काम संपलेलं असतं आणि दुसरं मिळालेलं नसतं. रोज तयार होऊन बसायचं आणि बोलावण्याची वाट बघायची. फार दिवस बोलावणं आलं नाही तर व्हिसाचा प्रश्न, मग परतीचं तिकीट. मी ऐकून घेतलं, वरवर धीर दिला. पण मिरजेहून कुणी फोनवर त्याची चौकशी केली की मी सांगायचो, "कामात बुडालाय हो, मान वर करायला फुरसत नाही." तो शेजारच्या खोलीत असायचा. त्याला हे ऐकू जायचं.

त्या थंडीत त्या भागात दुसरा विषयच नव्हता. दुकानात, बसथांब्यावर, न्हाव्याकडे एकच बोलणं, वेन्ट्झचा गुडघा. फिलाडेल्फियाच्या संघाचं नाव ईगल्स, म्हणजे गरुड. कार्सन वेन्ट्झ हा त्यांचा क्वार्टरबॅक. १० डिसेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो त्या हंगामापुरता संपला. ईगल्सनं तोवर तेरापैकी अकरा सामने जिंकले होते. त्यांनी आधीचं अजिंक्यपद मिळवलं होतं १९६० साली, आणि सुपर बोल हा अंतिम सामना सुरू झाल्यापासून तर एकदाही नाही. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ लहानपणापासून या संघाचे भक्त. मला म्हणाले, "यंदा होणार होतं. आता नाही."

मला त्यांचं दुःख कळेना. अकरा जणांचा संघ, एक जखमी झाला तर एवढं काय? मग मुलानं खेळ समजावून सांगितला.

चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्न एकाच माणसाच्या हातून सुरू होतो. तो हा क्वार्टरबॅक. पुढे वाकलेला गडी आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो याच्या हातात येतो. तिथून त्याच्याकडे असतात दोन-तीन सेकंद. तेवढ्यात समोरची मांडणी वाचायची, आपले चार-पाच गडी कुठे धावताहेत ते बघायचं, कोण मोकळा होईल याचा अंदाज घ्यायचा आणि तो पोहोचायच्या आधी त्या जागी चेंडू फेकायचा. हे करताना सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा पाडायला अंगावर येत असतात.

आपण रेडिओवर बोलतो आहोत म्हणून आणखी एक सांगतो. या माणसाच्या हेल्मेटमध्ये एक छोटा रेडिओ असतो. १९९४ पासून ही सोय आहे. प्रशिक्षक बाहेरून त्याला पुढची चाल सांगतो. पण चाळीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. पुढचं सगळं त्याचं त्याला.

आता अशा माणसाची बदली कशी करायची? आपल्याला क्रिकेटमधला बारावा खेळाडू माहीत आहे. तो पाणी नेतो, कुणी जखमी झालं तर क्षेत्ररक्षणाला उभा राहतो, पण त्याला फलंदाजी करता येत नाही, गोलंदाजीही नाही. अमेरिकन फुटबॉलमधला राखीव क्वार्टरबॅक तसा नव्हे. तो मैदानात उतरतो तो सगळा खेळ हातात घ्यायलाच. चालत्या बसचा ड्रायव्हर बदलावा तसं.

आणि त्याची तयारी कशी होते, हे कळल्यावर मी थक्क झालो. हंगाम सुरू झाला की सरावाचा बहुतेक वेळ मुख्य खेळाडूला मिळतो. राखीव माणसाच्या वाट्याला आपल्या संघाच्या चालींचा सराव फार थोडा येतो. मग तो करतो काय? तो येत्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो, म्हणजे आपल्या बचावाच्या गड्यांना सराव मिळावा. त्या आठवड्यापुरता तो शत्रू होतो. शिवाय चालींची जाडजूड वही त्यानं मुख्य खेळाडूइतकीच पाठ करायची. बैठकांना त्याच्याइतकंच हजर राहायचं. सामन्याच्या दिवशी सीमारेषेबाहेर उभं राहून समोरच्यांचा बचाव कसा बदलतोय ते टिपायचं आणि मुख्य खेळाडू विश्रांतीला आला की त्याच्या कानावर घालायचं. ज्याच्यामुळे आपल्याला मैदान मिळत नाही, त्यालाच जिंकायला मदत करायची. आणि आपला दिवस कधी येईल? त्याला इजा होईल तेव्हा. अशी इच्छा मनात धरता येत नाही, आणि अशी शक्यता विसरताही येत नाही. मला वाटतं, हे काम शरीरापेक्षा मनाला जास्त जड असावं.

चेस डॅनियल नावाचा एक खेळाडू होता. २००९ ते २०२२ असे चौदा हंगाम तो निरनिराळ्या संघांत होता. एवढ्या काळात सामन्याच्या सुरुवातीपासून तो मैदानात उतरला फक्त पाच वेळा. या कारकिर्दीत त्यानं चार कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. नुसतं बसायचे एवढे पैसे, म्हणून लोक हसायचे. पण या व्यावसायिक लीगमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला सारखीच मर्यादा आहे. एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. अशा हिशेबी ठिकाणी एकामागून एक संघांनी त्याला का घेतलं असेल? वापरावा लागू नये अशी प्रार्थना करत माणूस विम्याचा हप्ता भरतोच ना!

हप्ता चुकला तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघाकडे पेटन मॅनिंग होता. २०१० पर्यंत सलग नऊ वर्षं या संघानं बाद फेरी गाठली. २०११ साली मॅनिंग मानेच्या दुखण्यामुळे संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही. त्या एका हंगामात संघानं तिघांना आलटून पालटून खेळवलं. सोळा सामन्यांत विजय मिळाले दोन. बाकीचे गडी बरेचसे तेच, मैदान तेच. एवढी वर्षं सगळं एका माणसावर उभं होतं आणि त्याच्यामागे कुणी नव्हतं, हे तेव्हा कळलं.

याच्या उलट उदाहरण अर्ल मोरालचं. हा माणूस मला फार आवडला. १९६८ साली बाल्टिमोर कोल्ट्सचा थोर खेळाडू जॉनी युनायटस जखमी झाला, तेव्हा मोराल आला. त्यानं चौदापैकी तेरा सामने जिंकून दिले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण अंतिम सामन्यात त्याचा खेळ बिघडला, संघ हरला. दोन वर्षांनी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा युनायटस जखमी. पुन्हा मोराल आत गेला, आणि या वेळी संघ जिंकला. पुढे १९७२ मध्ये तो मायामी डॉल्फिन्सकडे गेला. वय अडतीस. पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला. उरलेले नऊ साखळी सामने मोरालनं खेळून काढले, सगळे जिंकले, बाद फेरीतही संघ पुढे नेला. उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक डॉन शुलानं बऱ्या झालेल्या ग्रीसीला पुन्हा आत पाठवलं. अंतिम सामना ग्रीसी खेळला, मोराल बाहेर बसला. त्या मोसमात मायामीनं सतरापैकी सतरा सामने जिंकले. साखळीपासून अंतिम सामन्यापर्यंत एकही पराभव नाही, असा हा त्या लीगमधला आजवरचा एकमेव संघ. त्यातले बहुतांश विजय मोरालच्या हातून आले आणि शेवटच्या दिवशी त्यानं जागा सोडली. चेंडू हातात घेणं अवघड असेलच, पण तो परत देणं त्याहून अवघड असणार.

आता फिलाडेल्फियाकडे येऊ. वेन्ट्झच्या जागी आला निक फोल्स. वय अठ्ठावीस. २०१२ साली याच संघानं त्याला प्रथम घेतलं होतं. २०१३ मध्ये त्यानं सत्तावीस टचडाउन फेकले आणि केवळ दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. पण तो बहर टिकला नाही. त्याला रॅम्स संघाकडे देण्यात आलं. तिथे २०१५ मध्ये त्याला बाकावर बसवून केस कीनम नावाच्या दुसऱ्याला खेळवलं. २०१६ मध्ये रॅम्सनं त्याला मोकळं केलं, तेव्हा त्यानं खेळच सोडून द्यायचं जवळपास ठरवलं होतं. मग त्याचे जुने प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्याला कॅन्सस सिटीला बोलावलं, तेही राखीव म्हणूनच. तिथून २०१७ मध्ये तो फिलाडेल्फियाला परतला. पुन्हा बाकावरच.

पण या संघात एक योग जुळून आला होता. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन स्वतः आयुष्यभर राखीव क्वार्टरबॅक होता. डॅन मरिनोच्या मागे, मग ब्रेट फार्वच्या मागे तो वर्षानुवर्षं उभा राहिलेला. आणि आक्रमणाची आखणी बघणारा त्याचा सहकारी फ्रँक राइक, तोही तसाच. जानेवारी १९९३ मध्ये बफेलो संघाचा मुख्य खेळाडू जिम केली जखमी असताना राइक बाद फेरीत खेळला. संघ ३५-३ असा मागे पडला होता. तो सामना त्यानं ४१-३८ असा काढला. म्हणजे फोल्सच्या पाठीशी जे दोघे होते, त्यांना बाक ठाऊक होता. अचानक आत जाताना पोटात काय होतं, तेही माहीत होतं.

त्यांनी फोल्सला वेन्ट्झ व्हायला सांगितलं नाही. साखळीतले शेवटचे सामने वाईट गेले, लोक ओरडत होते. या दोघांनी त्याचे जुने सामने काढून बघितले आणि त्याला ज्या चाली चांगल्या जमायच्या त्या आखणीत वाढवल्या. हे मला फार मोठं वाटतं. राखीव माणूस भरवशाचा असतो म्हणजे त्यानं दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करावी असं नव्हे. त्याला त्याच्या हातानं खेळू देणारं कुणीतरी असावं लागतं. अर्धा भरवसा त्याचा आणि अर्धा त्याच्यावर टाकणाऱ्यांचा.

बाद फेरीचा पहिला सामना ईगल्सनं १५-१० असा जेमतेम जिंकला. उपांत्य सामना होता मिनेसोटाशी, आणि तिथला क्वार्टरबॅक कोण? तोच केस कीनम! तोही मुख्य खेळाडू जखमी झाल्यानं आत आलेला. दोन्ही बाजूंना बाकावरचे लोक. फोल्सनं तो सामना ३८-७ असा जिंकला. माझा मुलगा सोफ्यावरून उठून उभा राहिला होता.

४ फेब्रुवारीच्या रात्री मिनियापोलिसला अंतिम सामना झाला. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि त्यांचा टॉम ब्रेडी. पाच सुपर बोल जिंकलेला, या खेळातला सर्वांत मोठा. पण ब्रेडीचीही सुरुवात बाकावरच झाली होती. २००० साली नव्या खेळाडूंच्या निवडीत तो एकशे नव्याण्णवावा होता. २३ सप्टेंबर २००१ ला मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला जबर धक्का बसून छातीत रक्तस्राव झाला, म्हणून ब्रेडीला आत पाठवलं. ब्लेडसोनं त्याच वर्षी मार्चमध्ये दहा कोटी डॉलरच्या वरचा करार केला होता. त्याची जागा त्याला परत मिळाली नाही. पण जानेवारी २००२ च्या उपांत्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा हाच ब्लेडसो बाकावरून उठून आत गेला, टचडाउन फेकला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचवला. रुसून बसायला त्याच्याकडे कारण होतं, पण तो तयार होता.

तर ती रात्र. मध्यंतराला मिनिटभरही उरलं नव्हतं. ईगल्स गोलरेषेपासून एका यार्डावर आणि चौथा, शेवटचा प्रयत्न. सोपा मार्ग होता लाथेनं गोल मारून तीन गुण घ्यायचे. फोल्स सीमारेषेपाशी आला आणि त्यानं प्रशिक्षकाला विचारलं, ती आपली खास चाल करायची का? पीडरसननं क्षणभर विचार केला आणि होकार दिला. चाल अशी, की चेंडू क्वार्टरबॅककडे येतच नाही. तो दुसऱ्याकडे जातो, तिथून तिसऱ्याकडे, आणि तो तिसरा चेंडू फेकतो तो चक्क क्वार्टरबॅकच्या हातात. फोल्स काही न घडल्यासारखा बाजूला सरकला, मोकळ्या जागेत शिरला आणि त्यानं चेंडू झेलला. टचडाउन. त्याच सामन्यात काही वेळापूर्वी ब्रेडीकडेही असाच चेंडू आला होता आणि त्याच्या हातून निसटला होता.

पुढे पेट्रियट्सनं ३३-३२ अशी आघाडी घेतली. ब्रेडीनं त्या रात्री पाचशे पाच यार्ड फेकले. पण शेवटची अडीच मिनिटं उरायच्या सुमारास फोल्सनं झॅक अर्ट्झला अकरा यार्डांवरून टचडाउन दिला. सामना ४१-३३ असा संपला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला निक फोल्स. रात्री उशिरा शेजारचे वृद्ध गृहस्थ बर्फात अंगणात उभे राहून पातेलं वाजवत होते. पुढे ईगल्सच्या मैदानाबाहेर एक पुतळा बसवला गेला. त्यात फोल्स चेंडू फेकताना दिसत नाही. तो प्रशिक्षकाला विचारतो आहे आणि प्रशिक्षक ऐकतो आहे, तो क्षण तिथे घडवला आहे.

गोष्ट इथे थांबवली तर फार गोड होईल, आणि खोटीही. फोल्सला २०१९ मध्ये जॅक्सनव्हिलनं मोठ्या रकमेवर मुख्य क्वार्टरबॅक म्हणून नेलं. पहिल्याच सामन्यात त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्याच्या जागी एक नवखा मुलगा आत गेला. २०२४ मध्ये फोल्स निवृत्त झाला. आणि वेन्ट्झ? दुखापती झाल्या, संघ बदलले, आणि पुढे तो स्वतःच राखीव झाला. ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनं दुसरा सुपर बोल जिंकला, तेव्हा समोरच्या कॅन्सस सिटीच्या बाकावर राखीव क्वार्टरबॅक म्हणून वेन्ट्झ बसला होता. तो त्या दिवशी खेळला नाही. बाक कुणाच्या नावावर लिहिलेला नसतो.

कधी कधी राखीव माणूसही पुरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी उपांत्य सामन्यात कोपराला दुखावला. त्याच्या जागी आलेला जॉश जॉन्सनही डोक्याला मार लागून बाहेर गेला. मग चेंडू नीट फेकता न येणाऱ्या पर्डीलाच पुन्हा उभं करावं लागलं. संघ ३१-७ असा हरला. लीगनं त्याच वर्षी नियम बदलला. आता अडीनडीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवता येतो.

श्रोतेहो, त्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला पहिल्यांदा विचारलं, "तू रोज नऊ ते एक त्या खोलीत करतोस काय?" इतके दिवस मी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, मुलगा वेळ काढतोय, त्यात काय विचारायचं. त्यानं वही आणून दाखवली. बँकांच्या कामाची एक नवी प्रणाली तो स्वतःच शिकत होता. पानंच्या पानं लिहिलेली, तारखा घातलेल्या. ज्या कामावर त्याला अजून कुणी बोलावलेलं नव्हतं, त्याचा अभ्यास. एकही दिवस सुटलेला नव्हता.

मी वही चाळली. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या महिनाभरात मी फोनवर काय काय बोललो होतो, ते सगळं आठवलं. मुलगा रिकामा बसलाय याची लाज मला वाटत होती, आणि ती मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून दाखवत होतो. त्याच्या पाठीशी उभा राहायचा अर्धा भरवसा माझ्याकडे होता, तो मी टाकलाच नव्हता.

मार्चमध्ये मी परत आलो तेव्हाही त्याला काम मिळालं नव्हतं. ते मेमध्ये मिळालं. आल्या आल्या चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काय, चिरंजीवांचं कसं चाललंय?"

मी म्हणालो, "बाकावर आहे. तयारी चाललीय."